तुम्ही वर्गात आहात. पण आकड्यात आहात का?

दहावीचं गुणपत्रक, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. हे तीन कागद आत्ता शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हींवरचं स्वतःचं नाव नीट वाचा. स्पेलिंगसकट. तिन्हीकडे अगदी सारखं असेल तर तुम्ही नशीबवान आहात. वर्गातल्या दहा जणांना हेच करायला सांगा, म्हणजे का ते कळेल.

गुणपत्रकावर आपल्याकडे आडनाव आधी येतं, मग तुमचं, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर बहुतेकांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. मधलं वडिलांचं नाव कुणाचं पूर्ण, कुणाचं नुसतं अद्याक्षर, कुणाचं गायबच. पासबुकावर बँकेतल्या माणसाला त्या दिवशी जसं ऐकू आलं तसं. आता ज्ञानेश्वर नावाच्या मुलाचा विचार करा. शाळेत गुरुजींनी रोमन लिपीत ते डी-एन-वाय असं सुरू केलं, आधार केंद्रावरच्या ऑपरेटरनं जी-वाय असं. लक्ष्मीत कुठं एक्स, कुठं के-एस-एच. जाधवच्या शेवटी एकीकडे व्ही, दुसरीकडे ओ. कांबळेत मधे एक ए आहे की नाही, यावर तर घराघरांत दोन मतं. लग्न झालेल्या मैत्रिणींचं तर विचारूच नका. बारावी माहेरच्या नावानं, आधार सासरच्या.

माणसाला यातलं सगळं कळतं. ऑफिसातले काका एक नजर टाकून म्हणतात, ‘हां, हा तोच.’ मशीनला मात्र ती दोन माणसं वाटतात. आणि विद्यापीठाचा कारभार दिवसेंदिवस काकांच्या नजरेवरून मशीनच्या जुळणीवर चाललाय. तुमची शिष्यवृत्ती, तुमचे क्रेडिट, तुमचा निकाल, एवढंच काय, तुमच्या कॉलेजला शिक्षक किती मिळणार, हे सगळं त्या जुळणीवर येऊन थांबलंय. म्हणून हा विषय रटाळ वाटला तरी दहा मिनिटं वाचा.

तुमची माहिती जाते कुठं?

प्रवेशाच्या वेळी तुम्ही जो फॉर्म भरता, तो कॉलेजच्या ऑफिसात संपतो असं आपल्याला वाटतं. तो संपत नाही, तिथून निघतो. आपल्या भागातल्या कॉलेजातून तो पोचतो नांदेडला. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, म्हणजे आपलं ‘स्वारातीम’, १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. तारीख मुद्दाम निवडलेली, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची. त्याआधी लातूर आणि नांदेडच्या पोरांना साध्या कामासाठी औरंगाबादचं विद्यापीठ गाठावं लागायचं. १९५८ चं ते विद्यापीठ अख्ख्या मराठवाड्याचं होतं. नव्या विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे जिल्हे आले. पहिले कुलगुरू झाले डॉ. जनार्दन वाघमारे. आपल्या लातूरच्या राजर्षी शाहू कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. विद्यापीठ जवळ यावं, हा या विभाजनामागचा साधा हेतू होता.

जवळ म्हणजे किती? लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं निम्मा दिवस. नांदेड शहर यायच्या आधीच विष्णुपुरीला ‘ज्ञानतीर्थ’ परिसर लागतो. नावातली एक वेलांटी दुरुस्त करायला, राखीव ठेवलेला निकाल सोडवायला, मायग्रेशन काढायला तिथं गेलेली मुलं तुमच्या ओळखीत असतील. लातूरला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, पण मूळ नोंद नांदेडला असते. विद्यापीठातली माहितीची यंत्रणा आधुनिक करायची, याचा लातूरच्या मुलाच्या भाषेत अर्थ एवढाच की ही एसटी वाचली पाहिजे.

नांदेडहून तीच माहिती पुढं मुंबईला जाते, दिल्लीला जाते. केंद्र सरकार दर वर्षी देशभरातल्या विद्यापीठांचं आणि कॉलेजांचं सर्वेक्षण करतं. त्याचं नाव ‘ऐशे’. सुरुवात २०१०-११ या वर्षापासून. प्रत्येक कॉलेजला त्यासाठी कोड असतो आणि एक प्राध्यापक नोडल अधिकारी म्हणून नेमलेला असतो. त्या बिचाऱ्यानं काय भरायचं? कुठल्या कोर्सला, कुठल्या वर्षाला किती मुलं, किती मुली. त्यात खुल्या प्रवर्गातले किती, अनुसूचित जातीचे, जमातीचे, ओबीसी किती, दिव्यांग किती, अल्पसंख्याक किती. शिक्षकांची तर नावानिशी माहिती. मागच्या वर्षी परीक्षेला किती बसले, किती पास झाले. पूर्वी हे एका पीडीएफ फॉर्ममध्ये भरून वर चढवायचे. २०२०-२१ च्या फेरीपासून तो थेट वेबसाइटवर भरायला लागला.

या सगळ्या बेरजांची बेरीज होऊन जो आकडा बाहेर पडतो, तो तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलेला असतो. उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण. २०२१-२२ चा देशाचा आकडा २८.४ टक्के, एकूण विद्यार्थी सुमारे ४.३३ कोटी. नव्या शैक्षणिक धोरणाला हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचंय. आता यातली गंमत बघा. २०२१-२२ चा हा अहवाल प्रसिद्ध झाला जानेवारी २०२४ मध्ये. म्हणजे त्यात ‘प्रथम वर्ष’ म्हणून मोजलेली मुलं तोवर शेवटच्या वर्षाला पोचली होती. आणि हे प्रमाण काढताना खाली भागाकाराला जी १८ ते २३ वयाची लोकसंख्या घेतात, ती २०११ च्या जनगणनेवरून पुढं मांडलेला अंदाज आहे, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. वरचा आकडा कॉलेजांनी स्वतःच भरलेला, खालचा अंदाजातला. तरी दशांश चिन्हापर्यंत छापून येतो.

शाई लावून मोजलेली पोरं

आकडा चुकला तर एवढं काय बिघडतं, असं विचारणाऱ्याला नांदेडची गोष्ट सांगावी. तुमच्यातले काही जण तेव्हा पहिली-दुसरीत असतील, काहींना कदाचित आठवतही असेल.

२०११ साली नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांत एकाच वेळी हजेरीपट आणि प्रत्यक्ष मुलं यांचा मेळ घातला. पटावरची लाखाहून जास्त मुलं जाग्यावर सापडली नाहीत. एका जिल्ह्यात! मग राज्य सरकारनं ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी केली. एकच मूल सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत उभं करू नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली होती. तेव्हा पटावर जी मुलं होती पण बाकावर नव्हती, त्यांचा राज्याचा आकडा सुमारे २० लाखांवर गेला.

ही गोष्ट शाळांची आहे, विद्यापीठाची नाही, हे खरं. पण तिच्या मुळाशी काय होतं ते बघा. पटावर जितकी मुलं, तितक्या तुकड्या, तितकी शिक्षकांची पदं, तितकं अनुदान, तितका पोषण आहार. ज्याला आकडा भरायचा त्यालाच आकड्याचा फायदा. आणि तपासणारा साहेब कागदच तपासणार. अशा ठिकाणी आकडा फुगणार नाही तर काय होईल? पटपडताळणीनंतर काही वर्षांनी शालेय विभागानं ‘सरल’ आणलं आणि प्रत्येक मुलाची वेगळी नोंद सुरू केली. ‘आमच्याकडे ४२० मुलं आहेत’ असं सांगून भागणार नव्हतं. ती ४२० मुलं कोण, हे एकेक करून सांगावं लागायला लागलं. माझ्या मते माहितीची व्यवस्था आधुनिक होणं म्हणजे हा बदल. कॉम्प्युटर आला, यानं काही होत नाही. खोटी बेरीज कागदावर लिहिता येते तशी एक्सेलमध्येही टाइप करता येते, उलट जास्त सुबक दिसते.

विद्यापीठात ही एकेकाची नोंद खरं तर आधी आली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ या व्यवस्थेमुळे राज्यातल्या अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्याला पीआरएन मिळायला लागला, कायमचा नोंदणी क्रमांक. लांबलचक सोळा आकडी. पहिल्या चार आकड्यांत बहुतेकदा नोंदणीचं वर्ष. परीक्षेचा बैठक क्रमांक दर सत्राला बदलतो, पीआरएन बदलत नाही. बीए लातूरला आणि एमए नांदेडला केलं तरी तुम्ही तेच, हे त्या नंबरामुळे मशीनला कळतं. तो पाठ नसला तरी चालेल, पण मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

एकच माहिती, सहा खिडक्या

मग अडतंय कुठं? तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात एकदा जुलै-ऑगस्टमध्ये नीट डोकावून बघा. तीच तुमची माहिती विद्यापीठाच्या पोर्टलवर पात्रतेसाठी भरायची. तीच महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी. तीच ऐशेसाठी बेरीज करून. नॅकच्या वार्षिक अहवालासाठी वेगळ्या साच्यात. रँकिंगसाठी, म्हणजे २०१६ पासून निघणाऱ्या एनआयआरएफ यादीसाठी कॉलेजनं भाग घेतला तर आणखी एका साच्यात. शिवाय मधूनच वरून ई-मेल येतो, ‘सोबतच्या तक्त्यात माहिती आज सायंकाळी ५ पर्यंत पाठवावी.’ प्रत्येक तक्ता वेगळा. कुणाला ३० सप्टेंबरची स्थिती हवी, कुणाला ३१ डिसेंबरची. सप्टेंबरनंतर दोघांनी कॉलेज सोडलं आणि एकीनं प्रवेश घेतला, की तीन ठिकाणी तीन आकडे. तिन्ही खरे! आणि तिन्ही एकमेकांशेजारी ठेवले की कॉलेज खोटं बोलतंय असं वाटतं.

हे सगळं करणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकच असतो. तोच फी घेतो, तोच बोनाफाईड देतो, तोच टीसी लिहितो, आणि ओटीपी आला की प्राचार्यांना शोधत फिरतो. तुम्ही खिडकीत उभे राहिलात की तो जरा तुसडेपणानं बोलतो, हे मान्य. पण त्याच्या समोरच्या स्क्रीनवर किती खिडक्या उघड्या आहेत तेही बघा.

यावरचा उपाय सांगायला फार सोपा आहे. माहिती एकदाच भरायची, मुळाशी, आणि ज्याला जो तक्ता हवा त्यानं तो तिथून काढून घ्यायचा. सगळ्या देशासाठी हा विचार सरकारी पातळीवर मांडलाही गेलाय. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीनं मूल्यांकनाच्या सुधारणा सुचवताना ‘एक देश, एक डेटा’ अशी सामाईक व्यवस्था हवी असं म्हटलंय. कॉलेजनं माहिती एकदा भरावी आणि सगळ्या यंत्रणांनी तीच वापरावी. दुसरीकडे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची ‘समर्थ’ ही प्रणाली विद्यापीठांत येतेय. ती दिल्ली विद्यापीठात तयार झाली. प्रवेश, परीक्षा, फी, कर्मचारी, रजा, सगळं एकाच छताखाली. मुंबई विद्यापीठानं पदवीच्या प्रवेशपूर्व नोंदणीसाठी ती वापरायला सुरुवातही केलीय. कल्पना चांगली आहे. प्रश्न कल्पनेचा कधीच नसतो.

मुंबईत काय झालं होतं

२०१७ साली मुंबई विद्यापीठानं ठरवलं की उत्तरपत्रिका आता कागदावर तपासायच्या नाहीत. त्या स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी स्क्रीनवर गुण द्यायचे. बेरजेच्या चुका टळतील, पेपर इकडून तिकडे न्यायचा खर्च वाचेल, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज कमी होतील. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण परीक्षा तोंडावर आलेल्या असताना, एखाद्या लहान विभागात करून न बघता, सगळ्या विद्याशाखांच्या मिळून सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांवर हा प्रयोग एकदम झाला. प्राध्यापकांचं प्रशिक्षण घाईत, स्कॅनिंग मागे, कुठली उत्तरपत्रिका कुठल्या विषयाच्या गठ्ठ्यात आहे याचा मेळ लागेना.

त्याच वर्षी १ मार्चला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू झाला होता. त्यात निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावावा, असं लिहिलंय. हा नियम तुम्हीही लक्षात ठेवा, उपयोगाला येतो. मुंबईत राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही उलटली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. परदेशात प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रकाविना अडकली, पदव्युत्तर प्रवेश लांबले. २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू संजय देशमुख यांना कुलपतींनी पदावरून दूर केलं.

मुंबईसारख्या १८५७ च्या, पैसा आणि माणसं असलेल्या विद्यापीठात हे झालं. आणि फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटननं ‘डेटा फ्युचर्स’ नावाखाली विद्यापीठांकडून विद्यार्थ्यांची माहिती गोळा करायची पद्धत बदलायला घेतली. कित्येक वर्षं तयारी करून पहिली फेरी झाली ती २०२२-२३ ची, आणि नेहमी जानेवारीत येणारे आकडे बाहेर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. विद्यापीठांनी तक्रार काय केली असेल? काम कमी होणार म्हणाला होतात, वाढलंच की!

म्हणून नवं पोर्टल आलं की लगेच टाळ्या वाजवू नका आणि लगेच शिव्याही घालू नका. एकच विचारा. जुनं बंद झालं का? जुना तक्ता, जुना फॉर्म, झेरॉक्सचा जुना गठ्ठा तसाच चालू आणि वर नवं पोर्टल, म्हणजे सहाच्या सात खिडक्या झाल्या. ऑनलाइन फॉर्म भरून त्याची प्रिंट तीन प्रतींत ऑफिसात जमा करायला लावतात, तो अनुभव तुम्हाला आहेच.

लातूरची न मोजलेली पोरं

आता आपल्या गावाचं एक बोलू. लातूरच्या ट्युशन एरियात संध्याकाळी एकदा चक्कर मारा. मेसचा डबा घेऊन निघालेली, पाठीवर बॅग, हातात बायोलॉजीचं पुस्तक. यातली किती बारावी झालेली आणि नीटसाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसणारी आहेत? त्यांना आपण रिपीटर म्हणतो. वय अठरा, एकोणीस, वीस. म्हणजे सकल नोंदणी प्रमाणाच्या भागाकारात खाली ती मोजली जातात, पण वर कुठंच नाहीत. ती कुठल्याच कॉलेजात नाहीत, त्यामुळे ऐशेच्या लेखी ती शिकतच नाहीत! दिवसाला बारा तास शिकणारं पोरगं सरकारच्या तक्त्यात शिक्षणाबाहेर.

उलटही होतं. बीएस्सीला नुसतं नाव घालून ठेवलेलं, ‘वर्ष वाया नको’ म्हणून. तो विद्यार्थी आकड्यात आहे, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेनं त्याचं तोंड पाहिलेलं नाही. त्याच्या जोरावर तुकडी टिकते, वर्कलोड दिसतो. यातून जो लातूरचा आकडा बनेल, त्यावरून उद्या इथं किती पदवी कॉलेजं हवीत, किती वसतिगृहं हवीत, हे कुणी ठरवणार असेल, तर काय ठरेल ते तुम्हीच सांगा. लातूर पॅटर्नचं राज्यभर कौतुक झालं ते निकालाच्या टक्क्यांमुळे. ज्यांचा निकाल मनासारखा लागला नाही ती मुलं पुढं कुठं गेली, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. मला विचाराल तर कुठल्याही नव्या प्रणालीत पहिला रकाना तोच हवा.

तुमचा खाक्या तुमच्या हातात

क्रेडिटचं खातं, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. संलग्न कॉलेजांत नवं धोरण २०२४-२५ पासून आलं आणि ‘एबीसी आयडी काढा’ हा मेसेज वर्गाच्या ग्रुपवर फिरायला लागला. बऱ्याच जणांनी तो मल्टिसर्व्हिसेसवाल्याकडून वीस-तीस रुपये देऊन काढून घेतला आणि विसरून गेले. कुणाच्या मोबाइल नंबरवर काढला? काहींचा दुकानदाराच्याच. आयडी १२ आकडी असतो, डिजिलॉकरमधून फुकट निघतो, आणि तिथं नाव येतं ते आधारवरचं. विद्यापीठाकडे तुमचं नाव आहे दहावी-बारावीच्या गुणपत्रकावरचं. दोन्हींचा मेळ लागला नाही तर क्रेडिट तुमच्या खात्यात पडत नाहीत. आज त्यानं काही अडत नाही, म्हणून कुणी बघत नाही. स्वयमवरचा कोर्स करून त्याचे क्रेडिट जोडायची, मधेच कॉलेज बदलायची किंवा एक वर्षाचा खंड पडून परत यायची वेळ आली की अडेल.

म्हणून नाव आत्ताच दुरुस्त करा. कुठलं बदलायचं? शक्यतो दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या. आधारची दुरुस्ती गावातल्या केंद्रावर होते, गुणपत्रकाची दुरुस्ती म्हणजे शाळा, बोर्ड आणि चकरा. पुढच्या पिढीचा घोळ तर आणखी रंगणार आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदावर स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचा निर्णय राज्य सरकारनं घेतलाय. निर्णय मला फार आवडला. फक्त त्यासाठी पोर्टलवाल्यांना ‘मिडल नेम’चा एकच डबा ठेवून चालणार नाही.

महाडीबीटीचं आणखी एक. पैसे येतात ते फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधारला शेवटचं जोडलेल्या खात्यात. शाळेत असताना उघडलेलं झिरो बॅलन्स खातं, मधे कुणीतरी मेळाव्यात उघडून दिलेलं पोस्टाचं खातं, आणि आत्ताचं. यातलं आधारला कुठलं जोडलंय ते बँकेत विचारून घ्या. ‘मंजूर दिसतंय पण पैसे आले नाहीत’ म्हणणाऱ्या कित्येकांचे पैसे जुन्या खात्यात गुपचूप पडून असतात. अर्ज ‘कॉलेजच्या लॉगिनला’ अडकलाय की पुढच्या ऑफिसला, हेही तुमच्याच लॉगिनमध्ये दिसतं. खिडकीत जाऊन ‘सर, माझ्या अर्जाचं काय झालं’ विचारण्यापेक्षा ‘सर, माझा अर्ज अमुक तारखेपासून कॉलेजच्या लॉगिनला आहे’ म्हणा. उत्तर वेगळं मिळतं.

आणि हो, वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांची नावं, आधार नंबर, जात, खाते क्रमांक असलेली एक्सेल शीट ‘आपापलं चेक करा’ म्हणून टाकली जाते काही ठिकाणी. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केलाय. ग्रुपवर टाकणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण नम्रपणे सांगा की सर, हे असं नको.

उलट तपासणी

इथवर माहिती तुमच्याकडून वर कशी जाते ते बघितलं. आता वरून खाली बघा, कारण जास्त मजा तिथं आहे.

अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ तुम्हाला माहीत आहेच, डॉ. आंबेडकरांचं. तिथल्या मायकेल थॅडियस नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं २०२२ च्या सुरुवातीला एक काम केलं. आपल्याच विद्यापीठानं एका प्रसिद्ध रँकिंगसाठी दिलेले आकडे घेतले आणि विद्यापीठाच्याच इतर जाहीर माहितीशी पडताळून पाहिले. कुठलीही गुप्त फाइल नाही, कुणाची मुलाखत नाही. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या वर्गांचं प्रमाण विद्यापीठ सांगत होतं ८२.५ टक्के. वेळापत्रकातून मोजलं तर ते बरंच कमी भरत होतं. सर्वोच्च पदवी असलेले शिक्षक १०० टक्के, हेही टिकलं नाही. विद्यापीठानं पुढं काही आकडे चुकल्याचं मान्य केलं, आणि त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेलं कोलंबिया त्याच सप्टेंबरमध्ये अठराव्यावर आलं.

हे तुम्हालाही करता येतं, लातूरला बसून, आज रात्री. नॅक मूल्यांकन झालेल्या कॉलेजनं आपला वार्षिक गुणवत्ता अहवाल वेबसाइटवर ठेवायचा असतो. ‘आयक्यूएसी’ नावाचं पान शोधा. मागच्या वर्षाचा अहवाल उघडा. पूर्णवेळ शिक्षक किती लिहिलेत? तुमच्या विभागात प्रत्यक्ष किती आहेत, आणि त्यातले तासिका तत्त्वावरचे किती? ग्रंथालयात रोज सरासरी किती जण येतात म्हटलंय? प्लेसमेंट किती जणांची झाली, त्यातले तुमच्या बॅचचे कोण? विद्यार्थ्यांकडून अभिप्राय घेतला असं लिहिलंय, तो तुमच्याकडून कधी घेतला? नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांचं समाधान सर्वेक्षण वेगळं असतं. कॉलेजनं दिलेल्या ई-मेलवर थेट लिंक येते. तुमच्या कॉलेजकडे तुमचा चालू ई-मेल आहे का? दहावीत नेट कॅफेवाल्यानं काढून दिलेला, पासवर्ड कुणालाच माहीत नसलेला ई-मेल असेल, तर ती लिंक कुणाला जाणार?

भांडायला जाऊ नका. बरेचदा आकडा चुकलेला असतो तो घाईनं, वाईट हेतूनं नव्हे. दोन-तीन जण मिळून एक साधा अर्ज लिहा, कुठल्या पानावर कुठला आकडा आहे आणि प्रत्यक्षात काय दिसतं एवढंच. अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे आणि अर्जाची फी दहा रुपये आहे.

स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्यांना तर प्रोजेक्टचा विषय म्हणूनही हे सुचवेन. नाहीतरी दर वर्षी तेच ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ कॉपी होऊन जमा होतं. त्याऐवजी आपल्या कॉलेजच्या पाच वर्षांच्या अहवालांतले प्रवेशाचे आकडे काढा, वर्षावर्षाला लावून बघा, प्रथम वर्षाला आलेल्यांपैकी तृतीय वर्षाला किती पोचले ते मोजा. मुली कुठल्या वर्षी गळतात तेही. गाइड म्हणतील, हे कसलं प्रोजेक्ट. त्यांना आलेख दाखवा. ऑफिसातल्या काकांना आधी दाखवलात तर ते बहुधा सांगतीलच, अमुक वर्षीचा आकडा एवढा का खाली आहे ते.